मुलीला नंतर जर्मनीला न्यायचं म्हणताय, त्याबद्दल

ताई, तुमचा प्रश्न परवाच वाचला होता आणि उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. पण काल नाईट होती, दोन ते चार सगळे शांत झोपलेले, तेव्हा परत तोच उघडून बसले. तुम्ही धुळ्याला स्टाफ नर्स, जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, सात वर्षांचा अनुभव, जर्मन भाषेची बी-वन पातळी झालीय, पुढची बी-टू चालू आहे, मुलगी दुसरीत, आणि विचारताय की आधी एकटीने जर्मनीला जाऊन मुलीला वर्ष-दीड वर्षाने नेलं तर चालतं का. मी अमळनेरची, आता जर्मनीतच नर्स. माझ्याच गोष्टीची कोणी झेरॉक्स काढून पाठवली असं वाटलं. आता तुम्हाला तू म्हणते, चालेल ना.

व्हिसा कोणता, फी किती, फॉर्म कुठला, हे सगळं सरकारी वेबसाइटवर आहे, ते मी लिहीत नाही. जे तिथे नाही ते लिहिते.

पहिलं म्हणजे नाव. हसू नको, माझे आठ महिने नावात गेले. दहावीच्या मार्कशीटवर माहेरचं नाव आणि मध्ये वडिलांचं, नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनवर पण तेच, लग्नात सासरच्यांनी नाव बदललं, आधारवर नवं नाव, पासपोर्टवर नवं नाव आणि मध्ये नवऱ्याचं. म्हणजे जर्मन माणसाच्या नजरेत शिकली एक बाई आणि अर्ज करतेय दुसरीच. राजपत्रात नाव छापून आणलं, अ‍ॅफिडेव्हिट केलं, मग ते अ‍ॅपोस्टिल करायला, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून शिक्का मारून घ्यायला, मुंबईच्या चकरा, रात्रीच्या गाडीने जायचं, दिवसभर रांगेत, परत रात्रीच्या गाडीने येऊन सकाळी ड्युटीला. आडनाव तेवढं दोन्हीकडे पाटील म्हणून वाचले असं वाटलं होतं, तर तिथेही घोळ. इथल्या फॉर्मवर जन्माच्या वेळचं आडनाव वेगळं विचारतात, मी लिहिलं पाटील, आताचं आडनाव, पाटील. काउंटरवरच्या बाईने पेनाने गोल केला आणि म्हणाली चुकून दोनदा लिहिलंय. आता तिला खानदेशात किती पाटील आहेत हे कोणत्या भाषेत सांगणार. पासपोर्टवर माझ्या नावापुढे नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात आलंय, त्यामुळे अजूनही कधीकधी पत्र येतं ते नवऱ्याच्या नावाने आणि खाली "श्रीमती". तू आजच सगळे कागद एकाखाली एक ठेवून नाव अक्षर-अक्षर जुळवून बघ, मुलीच्या जन्मदाखल्यावरचं स्वतःचं नावसुद्धा. ते तर मला शेवटी सुचलं.

दुसरं पैसे. आपल्याकडे परराष्ट्र खात्याचं लायसन्स असलेल्या एजंटला 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि जर्मनीत सरकारी शिक्का मिळालेल्या ज्या भरती कंपन्या आहेत त्यांचा नियम तर असा की खर्च हॉस्पिटलने करायचा, नर्सकडून काही घ्यायचं नाही. मी 2019 ला दोन लाख दिले, कॅश, पावती नाही, आईची सोन्याची पोत गहाण ठेवून. त्या एजंटने वर एक करार दिला त्यात होतं की तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर भाषेच्या क्लासचे आणि विमानाचे पैसे मी परत द्यायचे. मी वाचलं नाही. वाचलं नाही म्हणजे वाचता येत नव्हतं, जर्मनमध्ये होतं, आणि विचारायची लाज वाटली.

इथे आल्यावर तू नर्स नसतेस, हे कोणी नीट सांगत नाही. तुझं शिक्षण यांच्या शिक्षणाशी ताडून बघतात आणि काय कमी आहे त्याचा कागद देतात, मग परीक्षा तरी द्यायची नाहीतर काही महिन्यांचा कोर्स, तोपर्यंत तू हेल्पर. वृद्धांच्या केअर होममध्ये कमीत कमी दर जुलै 2025 ला हेल्परला तासाला 16.10 युरो आणि पूर्ण नर्सला 20.50 झाले, माझ्या वेळी दोन्ही कमी होते. फरक नुसता पैशाचा नाही. सात वर्षं आयसीयूत काढलेली बाई मी, आणि इथे इंजेक्शनला हात लावायचा नाही, अंघोळी घालायच्या आणि डायपर बदलायचे. कामाची लाज नाही वाटली, आपल्याकडे जे काम नातेवाईक आणि मावशी करतात ते इथे नर्सचंच काम आहे हे नंतर कळलं, पण तेव्हा बाथरूममध्ये जाऊन रडले. माझी परीक्षा कोविडमुळे दोनदा पुढे गेली आणि 2021 च्या शेवटी झाली.

आता तुझा खरा प्रश्न.

मी नोव्हेंबर 2019 ला आले तेव्हा मुलगा साडेपाच वर्षांचा होता. वर्षभरात आणू म्हटलं होतं. आला ऑगस्ट 2022 ला. तेहतीस महिने. का, तर कुटुंब आणायला पगार पुरेसा दाखवायचा, हेल्परच्या पगारात तो बसेना. तेव्हा घरही पुरेसं मोठं दाखवावं लागायचं, आणि मी केअर होमच्याच वरच्या खोलीत राहत होते. मोठं घर घ्यायचं तर घरमालक विचारतो कुटुंब कुठे आहे. मूल इथे राहत असेल तर सरकार दर महिन्याला पैसे देतं, भारतात असेल तर एक पैसा नाही. नवरा भारतात असेल तर टॅक्स एकट्या बाईसारखा कापला जातो. म्हणजे ज्या काळात तू दोन घरं चालवतेस त्याच काळात तुझ्या हातात सगळ्यात कमी येतं. हे कोणी मुद्दाम करत असेल असं मला वाटत नाही, त्यांच्या हिशोबात फक्त तू असतेस, मुलगी नसते, इतकंच.

आणि आता भरती जोरात आहे बरं का. 2024 ला आपल्या महाराष्ट्र सरकारने मी राहते त्याच राज्याशी, बाडेन-व्युर्टेमबेर्गशी, करार केला, 10,000 कुशल लोक पाठवायचे म्हणून, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीने जाहीर केलं की भारतातल्या कुशल लोकांना वर्षाला 20,000 च्या जागी 90,000 व्हिसा देणार. जागतिक आरोग्य संघटनेची 55 देशांची यादी आहे, जिथे आधीच नर्स-डॉक्टर कमी आहेत म्हणून तिथून मुद्दाम भरती करू नका असं सांगणारी, त्यात नेपाळ, बांगलादेश, पाकिस्तान आहेत, आपण नाही. म्हणून सगळे आपल्याकडे येतात. पण जोर कमी झाला की काय होतं ते माझ्या शिरपूरच्या मैत्रिणीला विचार, ती इंग्लंडला केअर वर्कर आहे. फेब्रुवारी 2022 ला त्यांनी दार उघडलं, 11 मार्च 2024 पासून नवीन येणाऱ्या केअर वर्करला नवरा-मुलं आणायला बंदी, आणि 22 जुलै 2025 पासून बाहेरून भरतीच बंद. ती डिसेंबर 2023 ला गेली, मुलीची शाळा सुटली की एप्रिलनंतर नेऊ म्हणून थांबली, तर मध्येच बंदी आल्याचं कळलं, दोन दिवस जेवली नाही. मग कोणीतरी सांगितलं की तू आधीपासून इथे आहेस, तुला लागू नाही. जपानचं पण तू लिहिलंयस, तिथल्या त्या कुशल कामगार व्हिसाच्या पहिल्या प्रकारात पाच वर्षांपर्यंत राहता येतं आणि कुटुंब आणताच येत नाही, तेव्हा तो विचार सोडून दे.

मुलाच्या शाळेचं लिहू का नको कळत नाही, पण त्यासाठीच लिहायला बसले बहुतेक.

तो आला तेव्हा अमळनेरला दुसरी पास झालेला, इथे तिसरीत घातला. त्याचं प्रगतीपुस्तक शपथ घेतलेल्या ट्रान्सलेटरकडून करून घेतलं, पानाला पैसे मोजून, "आकारिक मूल्यमापन" याचं त्याने काय केलं देव जाणे. गणितात पोरगा हुशार, आजीने तीसपर्यंत पाढे घोकून घेतलेले. एक दिवस वही आणली, भागाकाराची सहा गणितं, सहाही उत्तरं बरोबर आणि सहाहींखाली लाल नागमोडी रेघ. आपण भाजक डावीकडे लिहून खाली खाली उतरत जातो ना, इथे सगळं एका ओळीत मांडतात, दोन टिंबं आणि पुढे बरोबरचं चिन्ह. साडेतीन लिहायला आपण टिंब देतो, हे स्वल्पविराम देतात. बाईंनी लिहिलं होतं, पद्धत समजलेली नाही.

आणि इथे चौथीतच फाटे फुटतात. दहा वर्षांच्या पोराचं ठरवतात की हा पुढे युनिव्हर्सिटीच्या रस्त्याला जाणार की कामधंद्याच्या. फेब्रुवारी 2024 ला शाळेत बोलावलं, बाई चांगल्या होत्या, हसून बोलल्या, म्हणाल्या भाषा अजून कच्ची आहे, त्याला ताण नको, खालच्या शाळेत तो आनंदी राहील. शिफारशीचा कागद पुढे केला. मी मान हलवली आणि त्याच शाळेत नाव घातलं. नाईट करून गेलेली, अर्धे शब्द कळले नव्हते, नवऱ्याला तर काहीच कळत नव्हतं. वर्षभराने कामावरच्या एका बाईकडून कळलं की आमच्या वेळी ती शिफारस नुसती शिफारस होती, आईबापांना वाटलं तर वरच्या शाळेत घालता येत होतं. पुढच्याच वर्षापासून नियम कडक केले, आता बाईंची शिफारस, एक परीक्षा आणि आईबापांची इच्छा यातल्या दोन जुळाव्या लागतात. आम्हाला मोकळं दार होतं आणि मी ते बघितलंच नाही. सगळे म्हणतात नंतर बदलता येतं, येतंही, पण दरवर्षी रिझल्ट आला की माझ्या पोटात ढवळतं. तो दोन वर्षं आधी आला असता तर पहिलीत बसला असता आणि चौथीपर्यंत भाषा पक्की झाली असती, हा हिशोब मी किती वेळा केलाय विचारू नको.

एकटेपणाचं विचारलंस. होतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जास्त होतो. चल पुढे.

आमच्या केअर होममध्ये एक तुर्की आजोबा आहेत, 1969 ला कारखान्यात कामाला आलेले. तेव्हा जर्मनीने तुर्कस्तानशी 1961 ला करार केला होता, त्यात आधी तर दोन वर्षांत परत जायचं असंच होतं, बायकापोरांचा विषयच नव्हता, मग दर दोन वर्षांनी नवी माणसं शिकवायला कारखानदारांना परवडेना म्हणून 1964 ला ती अट काढली, आणि 1973 च्या नोव्हेंबरला भरती बंद केली. बंद केल्यावर लोकांना भीती, आता घरी गेलो तर परत येता येणार नाही, म्हणून त्यांनी उलट कुटुंबं आणली. आजोबांना डिमेन्शिया आहे, पन्नास वर्षं बोललेलं जर्मन पुसून गेलं, आता फक्त तुर्की बोलतात. रात्री "सु, सु" करायचे, आम्ही उचलून टॉयलेटला न्यायचो, ते चिडायचे. घरी सांगितलं तर माझा मुलगा म्हणे मम्मी, सु म्हणजे पाणी. त्याच्या वर्गात निम्मी पोरं तुर्की आडनावांची, त्या वेळी आलेल्यांची नातवंडं-पतवंडं, त्यांच्याकडून शिकला. आता आजोबांना पाणी मिळतं. मला मात्र घरी येताना वाटतं की माझंही असं झालं तर मी अहिराणीत काय मागेन आणि कोणाला कळेल.

जाऊ नको असं मी म्हणत नाहीये. मी पण परत जाणार नाहीये, पोत सोडवली, अमळनेरला घर झालं, इथे आता माझ्या हाताखाली चार जणी आहेत. फक्त सही करायच्या आधी एजंटला नाही, थेट हॉस्पिटलला मेलवर विचार की परीक्षेला किती महिने लागतील, तोपर्यंत पगार किती, कुटुंबासाठी घर शोधायला मदत करणार का, आणि उत्तर लेखी घे. मुलगी दुसरीत आहे म्हणजे तुझ्याकडे फार वेळ नाही. तिला आतापासून जर्मन ऐकव, कार्टून चालतं, आणि शक्यतो तुझ्या परीक्षेनंतर लगेच आण, दिवाळी होऊ दे, रिझल्ट लागू दे असं करत बसू नको, मी केलं.

करारात फॅमिलीबद्दल जे लिहिलं असेल त्या पानाचा फोटो पाठव. मी मुलाकडून वाचून घेते, त्याचं जर्मन माझ्यापेक्षा चांगलं आहे.