ओरडणार नाही, हा शब्द मागे घे

*ताई, मी पहिलटकरीण आहे, तेहतिसावा आठवडा चालू आहे. रात्रीची झोप उडाली आहे. कळा, टाके, रक्त, काहीतरी बिघडेल, हेच डोक्यात घोळतं. नवरा समजूतदार आहे, म्हणतो डॉक्टर बघून घेतील. पुढच्या आठवड्यात माहेरी मिरजेला जाणार. आई म्हणते, सगळ्याच बायका करतात. मोठ्या जाऊबाई कळांमध्ये एकदाही ओरडल्या नव्हत्या, मीही ओरडणार नाही असं सासूबाईंना सांगून ठेवलंय. डॉक्टरांना सरळ सिझेरियन करा म्हणू का?*

अगं, तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या जाऊबाईंच्या वाक्यापाशी थांबले. टाक्यांची भीती मला कळते, रक्ताचीही कळते. पण न ओरडण्याचा शब्द तू कुणाला आणि का देऊन बसलीस? शरीर कसं वागेल हे तुला ठाऊक नाही, आणि त्याने कसं वागायचं याचा करार तू आधीच करून ठेवलास. मग झोप कशी लागेल? तुला बाळंतपणाबरोबर परीक्षाही द्यायची आहे, आणि निकाल सासरी लागणार आहे.

माझ्या पहिल्या खेपेला शेजारच्या टेबलावर एक कोवळी पोर होती. ती ओरडली तशी सिस्टर म्हणाली, "तेव्हा नाही ओरडलीस, आता कशाला गळा काढतेस?" ते ऐकून मी ओठ दातात धरला तो पहाटेपर्यंत. माझा आवाज नाही म्हणून बराच वेळ माझ्याकडे कुणी फिरकलंही नाही. नंतर घरात कौतुक झालं, किती शहाणी, चूं केलं नाही. त्या कौतुकाने मला आजही गुदमरायला होतं. तुझ्या जाऊबाई ओरडल्या नाहीत, ठीक. का ओरडल्या नाहीत, हे त्यांना कुणी विचारलंय का?

कळा येताना बाई कण्हते, हुंकारते, किंचाळते, हाका मारते. त्यात बेशिस्त काही नाही. उलट घाबरून, आवळून घेतलं की अंगात अ‍ॅड्रेनलीन वाढतं, आणि कळा पुढे नेणाऱ्या ऑक्सिटोसिनला त्याचा अडथळा होऊ शकतो. शिवाय तू गप्प राहिलीस, तर तुला काय होतंय हे सिस्टरला कळायचं कसं?

आता नवऱ्याबद्दल. 'डॉक्टर बघून घेतील' यात समजूतदारपणा कुठे आहे? डॉक्टर बाळाचे ठोके बघतील, तुझा रक्तदाब बघतील. रात्री तीन वाजता तुझ्या कपाळावर हात कोण ठेवणार, हे त्याने विचारायला हवं होतं. आईनेही. सगळ्याच बायका करतात हे खरं, पण त्यांतल्या कितीतरी जणी त्या रात्रीबद्दल पुन्हा कधी बोलत नाहीत.

म्हणून तुला एकच सांगते. लेबर रूममध्ये तुझ्यासोबत तुझं एक माणूस हवं. हा लाड नाही. २०१६ मध्ये केंद्र सरकारने सरकारी रुग्णालयांसाठी तशा मार्गदर्शक सूचना काढल्या: सोबतीला नात्यातली बाई, शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली, आणि बाकीच्या बायकांचा आडोसा सांभाळता येत असेल तिथे नवरासुद्धा. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ मध्ये बाईच्या पसंतीची सोबत असावी असंच म्हटलं. कॉक्रेन ही जगभरातले वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था; तिच्या २०१७ च्या आढाव्यात २६ अभ्यास आणि पंधरा हजारांहून जास्त बायका होत्या. कळांच्या वेळी सतत सोबत मिळालेल्यांचं बाळंतपण थोडं लवकर उरकलं, सिझेरियन कमी झाली, आणि अनुभव वाईट होता असं म्हणणाऱ्याही कमी निघाल्या.

ती सोबत कुणाची? घरात जिचा मान मोठा तिची नव्हे. जिच्यासमोर तू कधीतरी नाक वाहेपर्यंत रडली आहेस, तिची. मावशी असेल, बहीण असेल. ती आईच असेल तर आई, पण 'सगळ्याच करतात' हे वाक्य दाराबाहेर ठेवून. सासूबाई नकोत. त्या वाईट आहेत म्हणून नाही. तू त्यांना शब्द दिला आहेस म्हणून.

सिझेरियनचा निर्णय डॉक्टरांशी बोलूनच व्हावा, आणि तो विषय जरूर काढ. एपिड्युरलची, म्हणजे कळांचं दुखणं कमी करणाऱ्या पाठीतल्या इंजेक्शनची, सोय आहे का तेही विचार, त्यात कमीपणा नाही. पण आवाज फुटेल या धास्तीने पोट कापून घेऊ नकोस. बाळंतपणाच्या तीव्र भीतीला वैद्यकात टोकोफोबिया असं नाव आहे, म्हणजे डॉक्टरांना हे नवीन नाही. झोप उडाली आहे हे त्यांना आधी सांग. रात्री फारच घालमेल झाली तर १४४१६ या टेलि-मानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, मोफत क्रमांकावर बोल.

मिरजेला पोचलीस की पहिल्याच तपासणीला त्या माणसाला बरोबर घेऊन जा. डॉक्टरांसमोर बसून म्हण, "ही माझ्यासोबत आत असणार आहे, चालेल ना? आणि मला कळा आल्या की मी ओरडणार आहे." हे वाक्य आज रात्री नवऱ्यासमोर एकदा मोठ्याने म्हणून बघ. मग सासूबाईंना फोन कर आणि तेच त्यांनाही सांग.