भिंतीवर चित्र काढल्याने लोकांमध्ये खरंच काही जागृती होते का?

तुम्ही लिहिलंय की ऐरोलीतल्या तुमच्या सोसायटीची रस्त्याकडची साठ फुटी भिंत रंगवायची ठरली आहे, विषय ‘खाडी वाचवा’, आणि सभेत काही सभासदांनी विचारलं की चित्राने काय होणार, त्यापेक्षा त्या पैशांत झाडं लावू. त्यांना काय सांगावं ते तुम्हाला सुचलं नाही. म्हणून विचारताय की चित्र बघून माणसाला आजूबाजूची जाण येते का, उमेद वाटते का, की हे नुसतं सुशोभीकरण.

मी ठाण्यात 19 वर्षं कलाशिक्षिका आहे. मुलांना बरोबर घेऊन आतापर्यंत सहा-सात भिंती रंगवल्या. होते जागृती, नक्की होते. पण प्रत्येक भिंतीने होत नाही, आणि आपण जी धरून चालतो त्या वाटेने तर फारच कमी वेळा होते.

पहिली भिंत वागळे इस्टेटच्या मागे, चढावरच्या एका वस्तीत मिळाली होती. आम्ही तिथे ‘पाणी वाचवा’ काढलं. नळ, नळातून पडणारा थेंब, थेंबात पृथ्वी, खाली ओंजळ. तुम्ही हे चित्र शंभर ठिकाणी पाहिलं असेल. मुलांनी मन लावून रंगवलं, फोटो निघाले, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्याचे पोपडे निघाले. एकाही माणसाने त्याबद्दल एक शब्द काढला नाही, चांगला नाही की वाईट नाही. मला फार लागलं ते. नंतर कधीतरी लक्षात आलं की त्या वस्तीत पाणी दिवसातून जेमतेम पाऊण तास येत होतं. तिथल्या बायका तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना आणि भांड्यांचं पाणी मोरीला वापरतात. त्यांच्याइतकं पाणी जपणारं सबंध ठाण्यात कोणी नसेल, आणि आम्ही त्यांनाच पाणी वाचवायला सांगत होतो. चित्र काढण्यापूर्वी आम्ही तिथे कुणाशीही बोललो नव्हतो.

तुमच्या विषयाला जवळची भिंत त्यानंतर काही वर्षांनी झाली, खाडीकाठच्या एका कोळीवाड्यात. आठवी-नववीची मुलं होती. पहिल्या दिवशी खडूने रेखाटन झालं: होडी, होडीत उभा कोळी, त्याच्या हातात जाळं, मोठाल्या लाटा, लाटांवर उड्या मारणारे मासे. समोरच्या ओट्यावर एक आजी बसून होत्या. सकाळभर काही बोलल्या नाहीत. दुपारी उठून भिंतीपाशी आल्या, जाळ्याच्या कडेवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, ‘शिसं कुठं हाय याला? शिश्याबिगर जालं बुडंल कसं?’

मुलांनी जाळं क्रिकेटच्या सरावाला लावतात तसं काढलं होतं, चौकोनी. आजींनी नातवाला घरात पिटाळलं आणि खरा पाग, म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, मागवला. तो रस्त्यावर पसरल्यावर मुलं भोवती बसली. पागाच्या घेराला शिशाच्या गोळ्या ओवलेल्या असतात. एकेकाने त्या तळहातावर घेऊन पाहिल्या, थंड आणि बोटाएवढ्या दिसत असून चांगल्याच जड. मग शेजारचे एक आजोबा आले. त्यांनी पाग डाव्या कोपरावर घड्या घालून घेतला, कडेचा एक पदर दातांत धरला, कमरेतून वळले आणि सोडला. डांबरी रस्त्यावर तो पूर्ण गोल होऊन पडला. पोरं ओरडलीच. त्या एका फेकीत त्यांना जे दिसलं ते मी वर्गात वर्षभर शिकवून दाखवू शकले नसते.

त्यानंतर तिथे गर्दीच झाली. कोणी म्हणालं, खाडीला एवढ्या लाटा असतात काय, ह्या पोरांनी चौपाटी काढलीय. कोणी म्हणालं, हे मासे कुठले, असले मासे पुस्तकात असतात. मग नावं यायला लागली. बोय, जिताडा, निवट्या, चिंबोरी, कोलंबी, कालवं. जिताडा कधीपासून मिळेनासा झाला यावर दोन म्हाताऱ्यांचा वादच झाला. एक म्हणे पूल झाल्यावर, दुसरे म्हणे त्याच्या आधीच, गाळाला वास यायला लागला तेव्हापासून. मुलं हे सगळं वहीत उतरवून घेत होती. ज्यांच्या आईबापांनी खाडी फक्त लोकलच्या खिडकीतून पाहिली, अशी ती मुलं. खाडी मरते आहे हे वाक्य त्यांनी निबंधात दहा वेळा लिहिलं असेल, पण काय मरतं आहे ते त्यांना त्या दुपारी कळलं, नावानिशी.

आम्ही सगळं रेखाटन पुसलं आणि नव्याने केलं. प्रत्येक माशाखाली त्याचं नाव लिहिलं. आठवीतल्या एका मुलाने सुचवलं की जे मासे आता मिळत नाहीत त्यांची फक्त बाह्यरेषा ठेवू, आत रंग भरायचा नाही. ‘परत आले तर भरू, बाई.’ तसंच केलं. ती भिंत अजून आहे. तिच्यावर कोणी थुंकत नाही, पत्रकं चिकटवत नाही. गेल्या वर्षी तिथून मला फोन आला की एकाला जिताडा मिळालाय, रंग घेऊन या. गेले, तर तिथे दोन तट पडलेले. एकदा मिळाला म्हणजे परत आला असं होतं का? शेवटी शेपटीकडचा अर्धा भाग रंगवून घेतला. बाकीचा तसाच आहे.

तुम्ही आशेबद्दल विचारलंत, म्हणून हे इतकं सविस्तर लिहिलं. आशा दाखवायची म्हणून लोक उगवता सूर्य काढतात, पालवी फुटलेलं रोप काढतात, कबुतर काढतात. ते बघून कोणाला काही वाटलेलं मी पाहिलेलं नाही. त्या अर्ध्या जिताड्यापुढे मात्र मोठी माणसं उभी राहून भांडली, कारण तो त्यांच्या रोजच्या खाडीतला होता आणि चूक कुठे आहे हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. ज्यांचं चित्र आहे त्यांना ‘हे असं नसतं’ म्हणता आलं पाहिजे. सभेत हेच सांगा.

चित्राखाली नावं लिहायची कल्पना माझी नाही. चित्रकार चित्तप्रसाद भट्टाचार्य 1943 च्या बंगालच्या दुष्काळात मिदनापूर जिल्ह्यात पायी हिंडले आणि शाईने माणसं काढत गेले. कोणाचं नाव काय, गाव कोणतं, घरातलं कोण गेलं, तेही त्यांनी टिपून ठेवलं. सरकार तेव्हा दुष्काळ रीतसर जाहीर करायलाही तयार नव्हतं. त्या रेखाचित्रांची छोटी पुस्तिका निघाली, तर ब्रिटिशांनी तिच्या प्रती जप्त करून जाळल्या. ‘लाखो भूकबळी’ असं छापलेलं वाचून माणूस पान उलटतो. नाव असलेल्या एका माणसाच्या बरगड्या मात्र नजरेसमोरून हलत नाहीत, आणि राज्यकर्त्यांना तेवढंच नको असतं. हेच चित्तप्रसाद पुढे मुंबईत अंधेरीला राहिले आणि मुलांसाठी बाहुल्यांचे खेळ करायचे. मला ही दोन्ही कामं एकाच माणसाची वाटतात.

इतक्या लांबचंही उदाहरण नको असेल तर आपल्या ठाण्यातलंच देते. सुधीर पटवर्धन पेशाने क्ष-किरणतज्ज्ञ. 1975 पासून तीसेक वर्षं त्यांनी ठाण्यात व्यवसाय केला आणि त्याच काळात इथली कामगार माणसं, लोकलमधली गर्दी, डोंगर पोखरून वर चढत गेलेल्या इमारती रंगवल्या. त्यांच्या चित्रांतले कामगार बिचारे नसतात की मूठ आवळलेले वीरही नसतात. थकलेले असतात, सरळ समोर बघत असतात. मी विद्यार्थिनी असताना त्यांची चित्रं पहिल्यांदा पाहिली आणि त्यानंतर काही दिवस लोकलमध्ये माणसांकडे बघण्याची माझी रीतच बदलली. जागृती म्हणतात ती ही, असं मला तेव्हापासून वाटतं.

त्या पाण्याच्या वस्तीत मी नंतर पुन्हा गेले, वेगळ्या निमित्ताने. तिथली एक मुलगी माझ्या वर्गात होती, एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेची तयारी करत होती. स्मरणचित्राला ती कायम तेच काढायची: दोन डोंगर, मध्ये सूर्य, नदी, कौलारू घर, नारळ. मी म्हटलं, तुझ्या दारातून जे दिसतं ते काढ. तिने मान खाली घातली. म्हणाली, ‘बाई, आमच्याकडे काढण्यासारखं काही नाही, नुसती पिंपं आहेत.’ मग तीच काढ म्हटलं. तिने निळी पिंपं काढली, गल्लीच्या एका कडेने ओळीत तेवीस, प्रत्येकाच्या झाकणावर रंगाने घातलेला खोली नंबर, काहींना साखळी आणि कुलूप. शाळेच्या प्रदर्शनात तिचे वडील आले. बराच वेळ चित्राजवळ उभे राहिले आणि एका पिंपावर बोट ठेवून म्हणाले, ‘हे आपलं. इथनं चिरलंय.’ तिने ती चीर काढली होती. पाण्याची वेळ त्या चित्राने वाढली नाही, आजही तेवढीच आहे. पण पुढच्या वर्षी तिने न सांगता गल्लीतल्या सात घरांची आतून चित्रं काढून आणली, आणि त्यातल्या बायका ती बघायला स्वतःहून शाळेत आल्या. शाळेत त्या एरवी फक्त निकालाच्या दिवशी येतात.

आता तुमच्या भिंतीबद्दल. ऐरोली म्हणजे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) काढायचा मोह होणारच. नवी मुंबईत दर दुसऱ्या भुयारी मार्गात तो आहे. काढा, पण आधी जाऊन बघून या. ऐरोलीला किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून हंगामात बोटीने नेतात. ठाणे खाडी 2015 मध्ये रोहित अभयारण्य झाली आणि 2022 मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत गेली, आणि हे सगळं तुमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. भिंतींवर दिसतो तो भडक गुलाबी पक्षी बहुधा इंटरनेटवरच्या फोटोवरून उतरवलेला अमेरिकेतला असतो. आपल्याकडचा मोठा रोहित बराचसा पांढराच दिसतो, पंख उघडले की आतला लाल रंग दिसतो. लहान रोहित जास्त गुलाबी, त्याची चोच गडद. पिल्लं करडी. तो चोच उलटी करून चिखलाचं पाणी गाळतो आणि त्या पाण्यातल्या शेवाळातून आणि बारीक जिवांतूनच त्याला रंग येतो. म्हणजे चिखल गेला की गुलाबी रंगही गेला. हे मुलांना डोळ्यांनी दिसलं तर ती पक्ष्याबरोबर चिखलही मन लावून काढतील, आणि आपल्याकडच्या भिंतींवर नेमका चिखलच नसतो. 2024 च्या उन्हाळ्यात नेरूळच्या तळ्याकाठी रोहित मेल्याच्या बातम्या आल्या तेव्हा तिथून जवळच्या भिंतींवरचे रोहित तसेच ताजे टवटवीत होते. मला त्या भिंतींकडे बघवेना.

वारली चित्रं काढू म्हणणारं कोणीतरी तुमच्या समितीत असेलच. त्याबद्दल थोडं स्पष्ट सांगते. ती लग्नाच्या चौकाची चित्रं आहेत, सुवासिनींनी तांदळाच्या पिठाने काढायची. जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर आणली, 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. डहाणू, तलासरी हा भाग 2014 पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. याच जिल्ह्यात 1945 मध्ये वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. तारपा या वाद्याभोवती नाचणारी माणसं आपण जिन्यापासून पार्किंगपर्यंत सगळीकडे काढतो आणि ती माणसं कोण, हे कोणाला माहीत नसतं. काढायचीच असतील तर वारली चित्रकाराला बोलवा, मानधन द्या आणि त्याला काय काढायचंय ते त्याला ठरवू द्या.

झाडं लावायची सूचना करणाऱ्यांशी भांडू नका, त्यांना बरोबर घ्या. भिंतीच्या पायथ्याशी लावू म्हणाले तर उत्तमच. फक्त पाणी भिंतीत मुरणार नाही एवढं बघा.

आणि कामाचं थोडं. आधी दिवा कोळीवाड्यात जाऊन दोन-तीन संध्याकाळी नुसतं बसा, वही घेऊन, विषय न सांगता. रेखाटन खडूनेच करा आणि चार दिवस तसंच ठेवा, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बोलावं म्हणून. या चार दिवसांत जे कळतं ते नंतर रंग चढल्यावर कोणी सांगत नाही. गिलावा नवीन असेल तर महिनाभर थांबा, जुना असेल तर तारेच्या ब्रशने पोपडे काढून मगच प्रायमर. फुटाफुटाच्या चौकटी पाडून घ्या, मुलांना प्रमाण सांभाळता येतं. बाहेरच्या भिंतीचा इमल्शनच वापरा. पोस्टर कलर फुकट जातो. दिवाळीनंतर सुरू करा.

तुमच्या भिंतीला खालून ओल येते का, पांढरी खार धरते का, तेवढं बघून इथेच लिहा. त्याप्रमाणे प्रायमर कोणता आणि किती लागेल ते सांगते.