हौशी गुप्तहेर लॉर्ड पीटर विम्झीच्या कादंबऱ्या कुठून सुरू कराव्यात? सगळ्या क्रमानेच वाचायच्या का?

‘स्ट्राँग पॉयझन’ (१९३०) पासून सुरू करा. डोरोथी सेयर्स यांनी विम्झीवर लिहिलेल्या अकराही कादंबऱ्या क्रमाने वाचायची गरज नाही. ‘स्ट्राँग पॉयझन’ची सुरुवातच न्यायाधीश ज्युरीला खटला समजावून सांगतात तिथून होते. रहस्यकथा लेखिका हॅरिएट व्हेन आरोपीच्या पिंजऱ्यात, आरोप आर्सेनिक घालून खून केल्याचा. ते तपशील नीट वाचा, पुढे लागतात. मग हॅरिएटच्या बाकीच्या तीन मात्र क्रमानेच: ‘हॅव हिज कारकेस’ (१९३२), ‘गॉडी नाइट’ (१९३५), ‘बसमन्स हनिमून’ (१९३७). शेवटची आधी वाचलीत तर पीटर आणि हॅरिएटचं लग्न होणार हे कळतं आणि ‘गॉडी नाइट’मधली सुरेख घालमेल वाया जाते. ‘द नाइन टेलर्स’ (१९३४) केव्हाही चालेल. फक्त ‘फाइव्ह रेड हेरिंग्ज’ने सुरुवात नको: सहा संशयित आणि रेल्वेच्या वेळा, कागद-पेन्सिल घेऊन बसावं लागतं.