वाचकांचे प्रश्न : हैतीचा भूकंप आणि मिशनची मदत

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत राहते. तिच्या परिचयातले काही लोक २०१० च्या भूकंपानंतर आपल्या चर्चतर्फे हैतीला मदतीसाठी गेले होते आणि त्यांच्याविषयी ती फार आदराने बोलते. इकडे मात्र मी नेहमी ऐकतो, की आपत्तीच्या वेळी मिशनने केलेली मदत म्हणजे धर्मांतराचे आमिष असते. हैतीत नेमके काय घडले?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : १२ जानेवारी २०१० रोजी संध्याकाळी पाच वाजायला काही मिनिटे असताना कॅरिबियन समुद्रातल्या हैतीला ७.० तीव्रतेचा भूकंप झाला. त्याचे केंद्र राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सपासून सुमारे २५ किलोमीटरवर होते. मृतांचा आकडा हैतीच्या सरकारने ३ लाखांवर सांगितला, तर इतर काही अंदाज त्याहून बरेच कमी आहेत. आपल्या प्रश्नाकडे वळण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी, असे मला वाटते. हैती हा ख्रिस्ती बहुसंख्येचा देश आहे, तिथल्या बहुतेक शाळा खासगी आहेत आणि त्यांपैकी कितीतरी चर्च चालवते. त्यामुळे त्या संध्याकाळी चर्च हे बाहेरून मदत घेऊन येणारे नव्हते, ते स्वतःच ढिगाऱ्याखाली सापडले होते. राजधानीतले कॅथलिक कॅथेड्रल कोसळले आणि आर्चबिशप जोसेफ सर्ज मियो मृत्युमुखी पडले. अमेरिकन मेथडिस्ट चर्चच्या मदत समितीचे प्रमुख सॅम डिक्सन कामासाठी तिथे आले होते. त्यांचा अंत कोसळलेल्या हॉटेलात अडकून झाला.

त्याच भूकंपात गेलेल्या एका बाईंविषयी मी थोडे विस्ताराने लिहितो, कारण मिशनचे काम कसे असावे असे कोणी विचारले तर मला प्रथम त्याच आठवतात. डॉ. झिल्दा आर्न्स या ब्राझीलच्या बालरोगतज्ज्ञ. त्यांनी १९८३ मध्ये तिथल्या कॅथलिक चर्चच्या आधाराने बालकांच्या आरोग्याचे काम सुरू केले. हैतीतही असे काम उभे राहावे, म्हणून त्या पोर्ट-ओ-प्रिन्सला गेल्या होत्या आणि तिथल्या धर्मसेवकांपुढे त्यांचे भाषण नुकतेच संपले होते. त्यांच्या कामाचे मुख्य साधन म्हणजे प्लॅस्टिकचा एक लहानसा चमचा. त्याच्या एका टोकाला मोठी वाटी, दुसऱ्या टोकाला अगदी छोटी. पेलाभर स्वच्छ पाण्यात मोठ्या टोकाने दोनदा साखर आणि छोट्या टोकाने एकदा मीठ घालायचे, की हगवणीने सुकत चाललेल्या मुलाला पाजण्याजोगे पाणी तयार होते. आपण ज्याला जलसंजीवनी म्हणतो, तेच हे. चमचा घेऊन घरोघरी जाणारी बाई त्याच वस्तीतली असते. ती दर महिन्याला मुलांचे वजन करते, गरोदर शेजारणीची चौकशी करते, आणि ते घर कोणत्या धर्माचे आहे हे तिला विचारायचे नसते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हैतीत पटकीची साथ आली आणि पुढच्या काही वर्षांत तिने जवळजवळ १० हजार बळी घेतले. त्या साथीतही माणूस वाचवण्याचा पहिला उपाय असेच साखर-मिठाचे पाणी हा होता.

आता आपल्या शंकेकडे येतो, कारण ती निराधार नाही. भूकंपाला तीन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा अमेरिकेतून आलेल्या बॅप्टिस्ट पंथाच्या १० जणांना हैतीच्या सीमेवर अटक झाली. ते ३३ मुलांना बसमध्ये बसवून आवश्यक कागदपत्रांविना शेजारच्या डोमिनिकन प्रजासत्ताकात नेत होते. ही मुले अनाथ आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. प्रत्यक्षात बहुतेकांचे आई किंवा वडील हयात होते, आणि मुलांना शिक्षण मिळेल, आपल्याला त्यांना भेटता येईल, या भरवशावर त्यांनीच ती हवाली केली होती. अपहरणाचे आरोप पुढे टिकले नाहीत. त्या दहा जणांचा हेतू वाईट होता, असे मलाही वाटत नाही. पण पडक्या घरासमोर बसलेल्या आईला ‘तुझे मूल आम्हाला दे, त्याचे भले होईल’ असे परक्याने म्हणावे आणि तिने ते द्यावे, याला संमती म्हणवत नाही. त्या आईला छप्पर मिळाले असते, चार महिन्यांचे धान्य मिळाले असते, तर तिने मूल दिले असते का, हा प्रश्न आधी विचारायला हवा होता. हैतीतल्या अनाथालयांत राहणाऱ्या मुलांपैकी बहुसंख्यांचे आई किंवा वडील जिवंत असतात, ही गोष्ट मुलांसाठी काम करणाऱ्या संस्था वर्षानुवर्षे सांगत आल्या आहेत.

त्याहून अधिक यातना मला एका वक्तव्याने झाल्या. पॅट रॉबर्टसन या अमेरिकन दूरचित्रवाणी-धर्मोपदेशकाने भूकंपाच्या दुसऱ्याच दिवशी सांगितले, की हैतीच्या लोकांनी फ्रेंचांपासून सुटका मिळवण्यासाठी पूर्वी सैतानाशी करार केला होता आणि तेव्हापासून त्यांच्यामागे शाप लागला आहे. गुलामगिरीत पिळल्या गेलेल्या लोकांनी लढून १८०४ मध्ये मिळवलेले स्वातंत्र्य म्हणजे सैतानाचे देणे, असे ज्याला वाटते, त्याच्या संस्थेने पाठवलेली औषधेसुद्धा घेणाऱ्याला खाली मान घालायला लावतात.

आपत्तीतल्या मदतीची एक आचारसंहिता १९९४ पासून आहे. रेड क्रॉसबरोबर कॅथलिक चर्चची ‘कॅरितास’, ल्युथेरन चर्चचा जागतिक संघ आणि वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस यांनी मिळून ती तयार केली. मदत देताना वंश, पंथ किंवा राष्ट्रीयत्व पाहायचे नाही आणि एखादे राजकीय वा धार्मिक मत पुढे रेटण्यासाठी मदतीचा वापर करायचा नाही, हे तिच्यात स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे ज्या मर्यादेची अपेक्षा आपण करता, ती मोठ्या ख्रिस्ती संस्थांनी स्वतःच स्वतःला घालून घेतली आहे. मी एवढेच पाहतो, की धान्याच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला प्रार्थनेला न बसता धान्य घेऊन घरी जाता येते की नाही. येत असेल, तर धान्य देणाऱ्याच्या गळ्यात क्रूस आहे याने मला काही फरक पडत नाही.

प्रश्न : आमच्या पॅरिशमधील (म्हणजे आमच्या चर्चच्या स्थानिक मंडळीतील) तरुणांचा गट परदेशातल्या आपद्ग्रस्तांसाठी कपडे गोळा करावेत आणि जमल्यास दोन आठवडे तिथे जाऊन घरे बांधावीत, अशा विचारात आहे. आपला सल्ला काय?
– एक वाचिका, वसई

उत्तर : कपडे पाठवू नयेत, हे मी ठामपणे सांगतो. १९९३ च्या ऑक्टोबरमध्ये मी किल्लारी परिसरात आलेल्या कपड्यांची गाठोडी सोडण्याच्या कामावर होतो. त्यांत नेकटाय होते, बिनजोडीचे बूट होते, लहान मुलींचे झालरींचे झगे होते. समोर बसलेल्या बायकांना नऊवारी लुगडी हवी होती आणि ती त्या ढिगात मिळेनात. एका आजींनी एक झगा उचलून पाहिला, नीट घडी घातली आणि परत ठेवला. पाठवणाऱ्यांच्या मनात माया नव्हती असे नाही, पण ती गाठोडी वाहून आणायला लागलेला प्रत्येक ट्रक पत्रे आणि बांबू आणू शकला असता. समुद्रापार पाठवायचे म्हटले, की याच चुकीला जहाजाचे भाडे आणि बंदरातला खोळंबा यांची भर पडते.

फुकटचा किंवा अतिस्वस्त माल स्थानिक बाजार कसा मोडतो, याचाही धडा हैतीनेच दिला आहे. १९९० च्या दशकात तिथे भातावरील आयातकर एकदम उतरवला गेला, अमेरिकेतला अनुदानित तांदूळ आला आणि हैतीतला भात पिकवणारा शेतकरी बसला. त्या काळी अमेरिकेचे अध्यक्ष असलेल्या बिल क्लिंटन यांनी मार्च २०१० मध्ये अमेरिकेच्या सिनेट समितीपुढे ही आपली चूक असल्याचे कबूल केले. म्हणून पैसे पाठवावेत आणि तिथल्याच बाजारात खरेदी करणाऱ्या संस्थेला द्यावेत. पॅरिशच्या न्यासातून परदेशात खर्च करायचा असेल, तर प्राप्तिकर आणि परकीय चलन यांचे नियम आड येतात, तेव्हा हिशेबनीसाला आधी विचारून घ्यावे.

दोन आठवडे जाऊन घरे बांधण्याविषयी माझे मत काहीसे कठोर आहे. आपल्या गटात गवंडी, सुतार, परिचारिका किंवा डॉक्टर असतील आणि तिथल्या चर्चने त्यांना नावानिशी बोलावले असेल, तर जरूर जावे. नाही तर विमानाच्या तिकिटाच्या रकमेत तिथले गवंडी कितीतरी दिवस कामाला लागतील, आणि भूकंपानंतर त्यांना मजुरीची गरज आपल्या अनुभवाच्या गरजेपेक्षा मोठी असते. हैतीच्या खेड्यांत शेतीच्या कामासाठी सगळ्यांनी मिळून एकेकाच्या रानात राबायची पद्धत आहे, तिला ‘कोनबित’ म्हणतात. आपल्याकडची इर्जिक हीच. ज्या गावात इर्जिक चालते, तिथे पाहुण्याने कुदळ मागून घ्यावी, मुकादम होऊ नये. मेनोनाइट पंथाची मदत समिती १९५८ पासून हैतीत आहे. भूकंपाच्या खूप आधीपासून ती तिथल्या गावकऱ्यांबरोबर उजाड डोंगरांवर झाडे लावत आली आहे. भूकंप झाला तेव्हा कोणाला फोन करायचा, हे तिला ठाऊक होते. आपल्या गटाला परदेशातल्या एखाद्या पॅरिशशी नाते जोडायचेच असेल, तर आपत्ती नसतानाच्या वर्षी जोडावे.

प्रश्न : अशी परदेशी मदत कधी महाराष्ट्रात आली होती का?
– एक विद्यार्थी, अहिल्यानगर

उत्तर : आपल्याच जिल्ह्यात आली होती. अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरला १८३१ पासून होते. १९०० च्या दुष्काळात न्यूयॉर्कमधल्या एका ख्रिस्ती साप्ताहिकाने वाचकांकडून निधी जमवला आणि ‘क्विटो’ नावाचे जहाज मका भरून मुंबईला पाठवले. नगरचे मिशनरी रॉबर्ट ह्यूम यांना त्या दुष्काळातील कामासाठी सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिले. दुष्काळांच्या त्या वर्षांत जिल्ह्यात बाप्तिस्मा घेणाऱ्यांची संख्याही वाढली. त्यांत भूक किती आणि गावकुसाबाहेरच्या जिण्यातून सुटण्याची ओढ किती, हे वेगळे काढता येत नाही. त्या कुटुंबांची चौथी-पाचवी पिढी आज आपल्या गावात असेल. शक्य असेल, तर तिच्याकडून पणजोबांची हकीकत ऐकून लिहून ठेवावी, कारण मिशनच्या अहवालांत मक्याच्या पोत्यांचा हिशेब असतो, ते पोते ज्याच्या घरात उतरले त्याचे म्हणणे क्वचितच असते.