आधी मोरी कुठे ते सांग

प्रिय पोरी,

जुन्या तिकीटघराचं बार-रेस्टॉरंट करायची तुझी फाइल उघडून पाहिली. पितळी दिवे, गडद हिरवी मखमल, संगमरवरी काउंटर, कोपऱ्यात जुनी ट्रंक. एकूण चौतीस चित्रं, आणि त्यात मोरी एकाही ठिकाणी नाही. भांडी कुठे घासणार, फोडणीचा धूर कुठून जाणार, खरकटं कोणत्या दाराने बाहेर पडणार, एवढं आधी कळव. मखमलीचं मागाहून बघू.

रुसू नकोस. पहिलंच स्वतंत्र काम म्हणून जुन्या स्टेशनाचं तिकीटघर हाती आलंय, मनात दिवेच पेटणार. पण लंडनात राहतेस तर एक दिवस मोडून सेंट पँक्रस स्टेशनात जाऊन बस. तिथल्या मिडलँड ग्रँड हॉटेलची गोष्ट तू वर्गात ऐकली असशील ती कमानींची आणि विटांची. मी सांगते ती न्हाणीघरांची. वास्तुकार गिल्बर्ट स्कॉटने बांधलेलं हे हॉटेल 1873 साली उघडलं. भव्य जिना, खोल्याखोल्यांत शेकोट्या, थाटाला काही कमी नव्हतं. न्हाणीघरं मात्र शेकडो खोल्यांमागे मोजकीच. नोकर गरम पाणी वाहून न्यायचे. पुढे पाहुण्यांना खोलीतच न्हाणीघर हवंसं झालं, तेव्हा आगीला दाद न देणारे ते जाडजूड मजले नळ घालू देईनात. 1935 साली हॉटेल बंद पडलं. मग तिथे रेल्वेच्या कचेऱ्या आल्या. साठच्या दशकात तर पाडायचीच भाषा सुरू झाली, लोकांनी आरडाओरडा केला आणि 1967 साली जपायच्या वास्तूंच्या ग्रेड वन, म्हणजे सर्वांत वरच्या, यादीत नाव चढलं म्हणून वाचलं. पुन्हा हॉटेल व्हायला 2011 उजाडलं. एवढी देखणी वास्तू, आणि तिच्या गळ्याशी आले ते नळ!

तिथलं जुनं तिकीटघर आता बार आणि रेस्टॉरंट आहे. नावही बुकिंग ऑफिसच. एक कॉफी घे (महाग आहे, माझ्या नावावर मांड) आणि दोन तास हलू नकोस. वर कमानींच्या बुडाशी दगडात कोरलेली माणसं शोध. इंजिन ड्रायव्हर आहे, गार्ड आहे. देव-राजे नाहीत, रेल्वेची नोकरमाणसं आहेत. नवं सामान जुन्या भिंतीला कुठे टेकतं आणि कुठे टेकत नाही, हे वहीत काढ. संध्याकाळी गर्दी झाली की आवाज कसा होतो ते कान देऊन ऐक. उंच छत, उघडी वीट, फरशी असलेल्या दालनात चाळीस माणसं बोलायला लागली की समोरच्याचं ऐकू येत नाही. आवाज शोषून घ्यायला टेबलांच्या पोटाला जाड नमदा लावायचा हे तुझ्या चित्रांत दिसणार नाही, पण गिऱ्हाईक परत येतं ते त्यामुळे.

आणि तळघर चुकवू नकोस. रुळांना रीजंट्स कालव्यावरून यायचं होतं, म्हणून फलाट रस्त्यापेक्षा बरेच उंच झाले. खालची जागा बर्टन या बिअरच्या गावाहून येणाऱ्या बिअरच्या पिंपांना दिली आणि बार्लो या इंजिनिअरने खांबांमधलं अंतरच पिंपाच्या मापावर ठरवलं. आज युरोपात जाणाऱ्या युरोस्टार गाडीचे प्रवासी त्याच खांबांमधून बॅगा ओढत जातात. कुठली गोष्ट कुठे ठेवायची आणि तिचं वजन किती, हा प्रश्न त्याने आधी सोडवला. तूही तेच कर. बिअरचा पन्नास लिटरचा भरलेला केग, म्हणजे धातूचं पिंप, साठ किलोच्या वर जातो. तुझ्या तिकीटघराची जमीन लाकडी आहे आणि खाली पोकळी आहे. असे दहा केग तू नक्की कुठे उभे करणार?

आता माझी लाज सांगते. मुंबईत एका जुन्या कचेरीचं उपाहारगृह करत होतो. मालकाला घाई, मलाही. स्वयंपाकघरामागच्या चुन्याच्या भिंतीवर मी सिमेंटचा गिलावा चढवू दिला. चुना ओल घेतो आणि सोडतो, सिमेंट ती आत कोंडतं. पहिल्याच पावसाळ्यात भिंतीला लोणा लागला आणि दिवाळीच्या आधी एका गिऱ्हाइकाच्या पुलावावर गिलाव्याचा पोपडा पडला. सगळं खरवडून पुन्हा चुन्यात करून दिलं, माझ्या फीमधून.

म्हणून भटारखाना जुन्या दालनात नकोच. मागची पत्र्याची शेड नंतरची आहे ना? तिथे ने. शेकोटीचं जुनं धुराडं हाताशी आहे म्हणून तळणाचा धूर थेट त्यात सोडशील तर तेलकट काजळी विटांत मुरेल आणि एखाद्या दिवशी पेटेल. बारचं काउंटर स्वतःच्या पायांवर उभं कर. नळ, निचरा, बर्फाचं मशीन सगळं त्याच्याच पोटात. उद्या ते उचलून नेलं तर भिंतीत एक खिळासुद्धा राहता कामा नये. कन्सेंटसाठी, म्हणजे जुन्या वास्तूत बदल करायच्या परवानगीसाठी, आराखडा घेऊन जाशील तेव्हा अधिकारी पहिला प्रश्न हाच विचारतील.

वेटरांना गार्डच्या टोप्या घालू नकोस, हात जोडते. मुंबईच्या सीएसएमटीचं (माझ्या तोंडी अजून व्हीटीच) स्टार चेंबर, म्हणजे तिथलं तिकीट दालन, आठव. वास्तुकार स्टीव्हन्सच्या त्या नक्षीदार दालनात आजही तिकिटं विकली जातात, आणि रांगेतल्या माणसाला छताकडे बघायला सवड नसते. तुझ्याकडे येणाऱ्याला ती सवड मिळणार आहे, तेवढं पुरे.

तुझ्या चौतीस चित्रांपेक्षा मला तू सहज जोडलेला एक फोटो आवडला. तिकीट खिडकीच्या लाकडी फळीवर नाणी सरकवून सरकवून पडलेला खळगा. पॉलिशवाला आला की पहिल्यांदा तोच घासून सपाट करील. उद्या सकाळी जाऊन त्यावर कापड बांध, वर मोठ्या अक्षरात 'हात लावू नये' लिही, आणि खळगा किती खोल आहे ते मोजून कळव.

मोरीचा नकाशा रविवारपर्यंत हवा.

तुझी,
मॅडम