पुण्यातली आयटीची नोकरी सोडून सांगलीत सॉफ्टवेअर कंपनी काढणाऱ्याचं पुढं काय होतं?

तुम्ही विट्याचे, वय २९, हिंजवडीत सहा वर्षं नोकरी, बाजूला टाकलेले ६ लाख रुपये. यंत्रमाग कारखानदारांसाठी कामगारांची मजुरी आणि विणलेल्या कापडाच्या मीटरचा हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअर करायचं डोक्यात आहे, सोबत कॉलेजचा मित्र आहे. राजीनामा द्यावा का, आणि घरी काय सांगावं, असं तुम्ही विचारलंय. मी जून २०१६ मध्ये असाच राजीनामा दिला. गाव तासगाव तालुक्यात, शिक्षण सांगलीच्या वालचंद कॉलेजात, नोकरी सात वर्षं पुण्यात. तुमचा प्रश्न वाचताना मला माझाच जुना चेहरा दिसला, म्हणून उत्तर थोडं लांबणार आहे.

कोड लिहायची भीती मला कधीच नव्हती. मला जे येत नव्हतं आणि ज्याच्यापायी माझी चार वर्षं गेली, ते म्हणजे मागणं. वडील प्राथमिक शिक्षक. कुणापुढं हात पसरायचा नाही, हे आमच्या घरात जेवणाआधीच्या श्लोकासारखं कानावर पडायचं. नोकरीत असताना त्यानं काही बिघडलं नाही, पगार न मागता १ तारखेला यायचा. स्वतःची कंपनी काढल्यावर मात्र रोज कुणाकडं तरी काहीतरी मागावंच लागतं. गिऱ्हाइकाकडं पैसे, भागीदाराकडं शब्द, बायकोकडं मुदत.

सुरुवात चुकीच्या जागी केली. द्राक्ष बागायतदारांसाठी हवामान आणि फवारणीचं वेळापत्रक देणारं ॲप सांगलीच्या विश्रामबागेतल्या भाड्याच्या खोलीत बसून आठ महिने बनवलं. बागायतदारांकडं सल्लागार होते, व्हॉट्सॲपचे ग्रुप होते, शेजारच्या बागेत काय मारलं ते बांधावरून दिसत होतं. ॲप त्यांनी घेतलं, कौतुकही केलं. पैसे कुणी दिले नाहीत, कारण मी मागितलेच नाहीत. ‘आधी वापरू दे, मग बघू’ असं स्वतःला सांगत राहिलो. पैसे मागितले असते तर दुसऱ्याच महिन्यात कळलं असतं की ही त्यांची अडचण नाही.

खरी अडचण सापडली ती मामांच्या अडत दुकानात. मामा तासगावला बेदाण्याची अडत करतात, म्हणजे शेतकऱ्यांचा माल कमिशनवर विकून देतात. चार किलो द्राक्षं वाळवावीत तेव्हा साधारण एक किलो बेदाणा मिळतो. तो प्रतवारी करून बॉक्समध्ये भरतात, बॉक्स कोल्ड स्टोरेजला जातात, लॉट नंबर पडतो. सौद्याच्या दिवशी मालाचे नमुने मांडतात, खरेदीदार बघतात, बोली लागते. त्यानंतर सुरू होतं कागदाचं काम. कुठल्या शेतकऱ्याचा कुठला लॉट, किती बॉक्स गेले, किती उरले, स्टोरेजचं भाडं, हमाली, तोलाई, तूट, शेतकऱ्यानं आधी घेतलेली उचल, हे सगळं वजा जाऊन शेतकऱ्याच्या हातात हिशोबपट्टी पडते. मामांचे दिवाणजी हे सगळं रात्री साडेअकरापर्यंत हातानं लिहायचे. स्टोरेजची वही आणि दुकानाची वही यांच्यात पाच बॉक्सचा फरक निघाला की ते त्या रात्री घरी जायचे नाहीत.

मी तीन महिने त्या गादीच्या कोपऱ्यात बसलो. पहिलं सॉफ्टवेअर दाखवलं तेव्हा दिवाणजी म्हणाले, “नावावरनं शोधायचं कशाला ठेवलंय? पाटील म्हटलं तर शंभर निघत्यात. आधी गाव विचार, मग नाव.” त्या एका वाक्यावर आख्खी स्क्रीन बदलली. आज आमचं सॉफ्टवेअर उघडलं की पहिला रकाना गावाचाच येतो. हिंजवडीच्या एसीत बसून हे मला दहा वर्षांत सुचलं नसतं. तुम्हीही विट्यात एखाद्या कारखान्यात पाळी बदलताना बसा. कामगार मीटर कसं सांगतो, मालक ते कुठं टिपतो, भांडण कुठल्या आकड्यावर होतं, ते बघा.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि ज्यांना कॉम्प्युटर नको होता त्यांनाही तो घ्यावा लागला. दिवाळीपर्यंत अकरा गिऱ्हाइकं झाली, प्रत्येकाचे वर्षाला १८,००० रुपये ठरलेले. हातात आलेली रक्कम मात्र शून्य. दुकानात गेलो की चहा यायचा, विचारपूस व्हायची आणि मी पैशाचं न बोलता परत यायचो. कुणी स्वतःहून विषय काढला तरी “राहू दे की, सावकाश द्या” असं माझ्याच तोंडून निघायचं. इकडं बँकेत १४,००० उरले होते.

मामांनी हे कसं ओळखलं माहीत नाही, पण दिवाळीआधी त्यांनी मला दुकानात बसवून एक गोष्ट समजावली. आपल्याकडं बेदाण्याचे सौदे दिवाळीच्या सुमारास काही आठवडे बंद ठेवतात. तेवढ्या काळात खरेदीदारांकडची सगळी येणी वसूल करून खाती कोरी करायची असतात, त्याला सगळे ‘झिरो पेमेंट’ म्हणतात. मामा म्हणाले, “इथं कोट्यवधीचा माल शब्दावर जातो. तो शब्द टिकतो कशानं? वर्षातनं एकदा सगळे एकमेकांकडं सरळ मागतात म्हणून. मागितलं नाहीस तर समोरच्याला वाटतं तुला गरज नाही. मग तुझा नंबर शेवटचा.” दुसऱ्या दिवशी मी अकराही बिलं छापून घेतली आणि एकेका दुकानात जाऊन हातात दिली. आठ जणांनी आठवड्याभरात पैसे दिले. एकानं तर उलट विचारलं, “अहो, एवढे दिवस बिल का नाही दिलं?”

आता बिलं वर्षाच्या सुरुवातीलाच जातात. तुम्ही पहिल्या दिवसापासून उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या, ती फुकट आहे. नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावेत, असं सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा २००६ चा कायदा सांगतो. आता आयकरातही त्याची जोड आहे: वेळेत न दिलेली रक्कम गिऱ्हाइकाला प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी खर्च म्हणून वजा धरता येते. एखाद्या मोठ्या गिऱ्हाइकाच्या सीएला ही आठवण नम्रपणे करून दिली की फाईल हलते.

भागीदाराबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीय, ‘मित्र विश्वासाचा आहे’. माझाही होता. निम्मा हिस्सा त्याचा, निम्मा माझा. प्रायव्हेट लिमिटेडला दोन संचालक आणि दोन भागधारक लागतात, तेवढ्यापुरते कागद केले. बाकी सगळं तोंडी. तू किती दिवस पगाराशिवाय थांबू शकशील, हे मी त्याला एकदाही विचारलं नाही. मैत्रीत असं विचारायचं नसतं असं वाटायचं.

मग ऑगस्ट २०१९ चा महापूर आला. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमचं ऑफिस तेव्हा गणपती पेठेत तळमजल्यावर होतं. आमची यंत्रं आदल्या रात्री वर नेली, पण एकतीस गिऱ्हाइकांपैकी नऊ जणांच्या दुकानांत पाणी शिरलं. त्यांचा हिशोब त्यांच्याच कॉम्प्युटरमध्ये आणि बॅकअपचा पेन ड्राइव्ह त्याच टेबलाच्या खणात. दुरुस्तीसाठी घेतलेल्या प्रती माझ्या लॅपटॉपवर होत्या म्हणून सहा जणांचा जुलैपर्यंतचा हिशोब वाचला. तिघांचा गेला. त्यातल्या एका वयस्कर व्यापाऱ्याच्या गच्चीवर मी गेलो तेव्हा त्यांनी जुन्या वह्या उन्हात पसरल्या होत्या. पानाला पान चिकटलेलं, शाई पसरलेली. ते मला एक शब्द बोलले नाहीत. मी पाच आठवडे त्यांच्याकडं बसून खरेदीदारांच्या बिलांवरून वर्षाचा हिशोब पुन्हा उभा केला. बॅकअप दुसरीकडं हवा, हे मला माहीत होतं. सर्व्हरचा खर्च कोण देणार, हे गिऱ्हाइकांना विचारायची लाज वाटली म्हणून मी ते पुढं ढकललं होतं. पुरानंतर वर्षाला ४,००० जादा मागितले. पूर बघितलेल्या माणसांनी सगळ्यात आधी दिले.

पुरानंतर चार महिन्यांनी मित्र गेला. त्याच्या वडिलांचं ऑपरेशन, घराचे हप्ते, त्याचं काही चुकलं असं मी आजही म्हणत नाही. पण निम्मे शेअर त्याच्याकडं आणि काम माझ्याकडं, अशी कंपनी अडकून बसली. बाहेरून पैसा घ्यायचा तर समोरचा पहिला प्रश्न त्या निम्म्या शेअरचाच विचारायचा. सव्वा वर्षानं ४ लाखांत हप्त्यानं शेअर परत घेतले. त्या सव्वा वर्षात आमच्यात जे बोलणं झालं ते विसरायला दोघांनाही वेळ लागला.

म्हणून तुम्ही आत्ताच लिहून घ्या. शेअर एकदम द्यायचे नाहीत, चार वर्षांत हळूहळू मिळतील. पहिलं वर्ष पुरं व्हायच्या आत कुणी गेलं तर त्याला काही नाही. स्टार्टअपमध्ये ही सर्रास चालणारी रीत आहे आणि ती दोघांनाही लागू होते. मित्रासमोर हा कागद ठेवताना जीव वरखाली होईल. ठेवा तरीही.

गुंतवणूकदारांबद्दल थोडंच लिहितो. दोघातिघांना भेटलो. राज्यात बेदाण्याची अडत करणारे किती, असं एकानं विचारलं आणि आकडा ऐकून वही मिटली. त्याचं बरोबर होतं. तेवढ्या लहान बाजारात त्याच्या पैशाला हवी तेवढी वाढ नव्हती. आमचं पोट भरण्याइतकी होती. मूळचे सातारा जिल्ह्यातले कैलास काटकर यांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीचं काम, मग पुण्यात स्वतःचं दुरुस्तीचं दुकान, भाऊ संजय यांनी लिहिलेला अँटिव्हायरस, पुढं क्विक हील ही कंपनी. २०१६ साली कंपनी शेअर बाजारात आली ते सगळे सांगतात. मला त्यातली मधली वर्षं महत्त्वाची वाटतात. अँटिव्हायरस १९९५ च्या सुमारास आला आणि सिकोया या गुंतवणूकदार कंपनीचा पैसा २०१० मध्ये. पंधरा वर्षं कंपनी गिऱ्हाइकाच्या पैशावर चालली.

आपल्या किर्लोस्करवाडीचंही तसंच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडानं जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जागा दिली, बिनव्याजी कर्ज दिलं, आणि १९१० साली कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभा राहिला. पलूसकडं जाताना ती वसाहत दिसली की मला यंत्रांच्या आधी ती दोन वर्षं आठवतात.

आता घरचं. हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय. बायको मिरजेत एका दवाखान्यात नर्स आहे. तीन वर्षं घर तिच्या २२,००० वर चाललं. त्या काळात मी तिला न सांगता ३ लाखांचं वैयक्तिक कर्ज काढलं. तिला काळजी नको, असं मनाशी म्हणत होतो; खरं तर तिच्याकडं मुदत मागायची हिंमत नव्हती. एका हप्त्याला उशीर झाला आणि बँकेचा फोन तिला गेला, रात्रपाळी करून ती नुकतीच झोपली होती. ती रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, “साऱ्या बाजाराचा हिशोब ठेवतोस. घराचा कुणी ठेवायचा?”

त्या रविवारी आम्ही दोनशे पानी वही आणली. खात्यात किती, देणं किती, येणं किती, किती महिने पुरेल, हे दर रविवारी दोघांनी मिळून लिहायचं. पहिल्या पानावर तिच्या हातानं लिहिलंय: ‘मार्च २०२१ पर्यंत. नाही जमलं तर नोकरी.’ ती तारीख मिळाल्यावर मला अनेक महिन्यांनी शांत झोप लागली. फेब्रुवारीत हळदीच्या अडत्यांकडून पहिली मोठी ऑर्डर आली आणि आम्ही दोघांनी मिळून ती तारीख खोडली. आज नऊ जण कामाला आहेत, गिऱ्हाइकं १४० च्या आसपास. नोकरीत राहिलो असतो तर कदाचित जास्त मिळवलं असतं. वही अजून चालू आहे, सहावी.

तर घरच्यांना ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ म्हणू नका. रक्कम सांगा आणि तारीख सांगा. ६ लाखांतले ४ घरखर्चाचे धरा, २ कंपनीचे, आणि ४ ला हात लावायचा नाही हे आईवडिलांसमोर बोला.

राजीनाम्याचं म्हणाल तर अजून देऊ नका. पुढचे दोन महिने शनिवार-रविवार विट्याला जा, ओळखीचा नसलेला एक कारखानदार गाठा. तुमच्या सॉफ्टवेअरची कच्ची आखणी कागदावर दाखवा आणि आगाऊ ५,००० रुपये मागा. ओळखीचा नको, तो तुमच्याकडं बघून देईल. पैसे मागताना आवाज कापेल, माझाही कापला होता. त्यानं दिले तर मला इथं कळवा. नाही दिले तर काय म्हणाला ते शब्द न शब्द लिहून कळवा, त्यावरून पुढं काय करायचं ते आपण मिळून बघू.