मैत्रिणीची कथा छापून आली, माझी नाही आली

"मॅडम, ग्रुपमधल्या कोणाचं काही छापून आलं की मी अभिनंदन टाकते पण आतून जळते, आणि मग स्वतःचाच राग येतो, मी अशी कशी?" मी समुपदेशक आहे, लिहिणारी माणसं हे मला बऱ्याचदा विचारतात, दिवाळीच्या आसपास तर हमखास, कारण तेव्हा दिवाळी अंक हातात पडतात आणि अनुक्रमणिकेचे फोटो फिरायला लागतात. त्यातलीच एक केस सांगते. ताईंची परवानगी घेतलीय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

ताई चाळिशीच्या, पारोळ्याकडच्या, झेडपी शाळेत शिक्षिका. कथा लिहितात, पात्रं अहिराणीत, म्हणजे तिकडच्या खानदेशी बोलीत बोलतात. २०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला ९७ वं साहित्य संमेलन झालं, तिथे ओळखी झाल्या आणि त्यातून आठ-दहा जणांचा ग्रुप जमला. बँकेतून रिटायर झालेले एक काका, गझल लिहिणारा रावेरकडचा एक केळीवाला भाऊ, कॉलेजची दोन पोरं, ताई आणि ताईंची जवळची मैत्रीण. महिन्यातून एकदा जळगावला कोणाच्या तरी घरी बसायचं, वाचून दाखवायचं, थंडीत भरीत-पुरीचा बेत, बाकीचे दिवस व्हॉट्सॲप. ग्रुप चांगलाच होता हे आधी सांगून टाकते, यात कोणी खलनायक नाहीये.

तर जुलैमध्ये दोघींनी एकाच अंकाला कथा पाठवल्या. मैत्रिणीला होकाराचा फोन आला. ताईंना काहीच आलं नाही, हो पण नाही आणि नाही पण नाही. पूर्वी लोक कथेसोबत तिकीट लावलेला परतीचा लिफाफा पाठवायचे, मग "साभार परत" का होईना पण हातात काहीतरी यायचं, आता मेल जातो आणि पुढे सगळं गप्प. ताई आपल्या वाट बघत राहिल्या आणि मैत्रिणीनं अनुक्रमणिकेचा फोटो टाकला तेव्हाच त्यांना कळलं की आपलं नाव त्यात नाही. खाली टाळ्या, गुच्छ, पेढ्यांची मागणी. ताईंनी पण टाळ्या टाकल्या आणि ग्रुप म्यूट केला. पुढच्या बैठकीला शाळेत काम निघालं, त्याच्या पुढच्या बैठकीला सासूबाईंची तब्येत. लिहायची वही कपाटात गेली ती गेलीच. नवऱ्यानं एकदा "काय व्हयनं तुले?" विचारलं तर रडायलाच लागल्या, तेव्हा तो त्यांना माझ्याकडे घेऊन आला.

पहिल्याच सेशनला त्यांचं म्हणणं, हे जळणं तेवढं काढून टाका. मी म्हटलं ते काही मला जमणार नाही. मग विचारलं, समजा मैत्रीण उद्या रांगोळीच्या स्पर्धेत पहिली आली तर? त्या लगेच, "मी स्वतः पेढे वाटीन." बरं, आणि पुण्यातल्या अनोळखी बाईची कथा त्याच अंकात आली असती तर? "मला काय फरक पडतो." मग तुमच्यातली ती जळणारी वाईट बाई कुठे गेली? अब्राहम टेसर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९८० च्या दशकात नेमकं हेच मांडलंय, की माणूस जवळचा असेल आणि ज्या गोष्टीवर आपण स्वतःला मोजतो त्यातच तो पुढे गेला तर जास्त टोचतं. जवळचा असून क्षेत्र वेगळं असेल तर उलट छाती फुगते. म्हणजे टोचलं याचा अर्थ मैत्रीही खरी आहे आणि लिहिणंही तुमच्या जिव्हाळ्याचं आहे, बाकी काही नाही. हे ऐकून ताई जरा सैल बसल्या.

दुसरी गाठ जास्त घट्ट होती. कथा घेतली नाही म्हणजे कथा वाईट, कथा वाईट म्हणजे मी लेखिकाच नाही, मी आजवर सगळ्यांना फसवलंय, एवढा प्रवास त्यांनी एका रात्रीत केला होता. आल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत आम्ही इथेच थांबवतो, कृतीला मार्क द्या, अख्ख्या माणसाला नका देऊ. कथा न घेण्याची कारणं भरपूर असतात, पानं संपली, त्याच विषयावरची दुसरी कथा आधीच घेतली, अंकाची थीम जुळली नाही, संपादकांना बोलीतले संवाद झेपले नाहीत. आणि हो, कथा खरंच कच्चीही असू शकते. हे शेवटचं बोलायला समुपदेशक कचरतात पण मला वाटतं ते बोलावंच, कारण खोटा धीर दिलेला पेशंटला लगेच कळतो. फक्त कथा कच्ची आहे की नाही हे मी कोण सांगणार, ते ग्रुपनं सांगायचं, आणि ग्रुपला तर माहीतच नव्हतं की ताईंनी कथा पाठवलीय.

का नाही सांगितलं, तर त्याआधी एकदा कविता परत आल्याचं त्यांनी ग्रुपवर टाकलं होतं आणि पाच मिनिटांत काकांचा मेसेज, "अहो ताई, आपल्या बहिणाबाईंचं तरी जिवंतपणी पुस्तक कुठे आलं होतं!" काकांचा हेतू चांगलाच, पण ताईंना ते कानाखाली मारल्यासारखं लागलं. मलाही हा दिलासा पटत नाही. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं, त्या जात्यावर, शेतात गायच्या आणि ते त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी आणि घरच्यांनी उतरवून ठेवलं, त्या डिसेंबर १९५१ मध्ये गेल्या आणि पुस्तक १९५२ ला आलं. त्यांनी कोणत्या संपादकाकडे पाठवून वाट बघितलीच नव्हती, मग नकार पचवायला त्यांचं उदाहरण कसं चालेल? शिवाय असं मोठं नाव आलं की समोरच्याचं बोलणंच बंद होतं, पुढे काय बोलणार माणूस.

म्हणून आम्ही ठरवलं की नकार सांगायचा तर सोबत आपल्याला काय हवंय तेही सांगायचं. "फक्त सांगतेय, समजावू नका" किंवा "पीडीएफ टाकलीय, कुठे अडतंय ते सांगा". लोक मदत करायला तयार असतात, त्यांना कळत नसतं कोणती करायची. ज्यांना अख्ख्या ग्रुपसमोर जमत नाही त्यांनी आधी एकालाच सांगावं, काही बिघडत नाही. आणि नकार सांगितला की जिथे खिल्ली उडते तिथे मात्र सांगू नका, तो ग्रुप खुशाल सोडा.

अभिनंदनाचं काय? मी विचारलं, मैत्रिणीची कथा वाचली का? ताई गप्प. तीन महिने जिच्यावरून झोप उडाली ती कथा त्यांनी वाचलीच नव्हती! मानसशास्त्रज्ञ शेली गेबल आणि सहकाऱ्यांच्या २००४ च्या अभ्यासात जोडप्यांमध्ये असं दिसलं होतं की चांगली बातमी सांगितल्यावर समोरचा रस घेऊन विचारतो तिथे नातं जास्त समाधानाचं असतं. नुसत्या टाळ्यांमध्ये तो रस नसतो. म्हणून टाळ्या लगेच टाकायची सक्ती नाही, दोन दिवस घ्या, पण वाचा आणि वाचलेल्यातलं काहीतरी लिहा. ताईंनी वाचली. पुढच्या वेळी येऊन म्हणाल्या, शेवट भारी आहे, मधे बोअर झालं, आणि हसल्या, कितीतरी दिवसांनी.

मैत्रिणीला फोन केला तो मात्र सिनेमासारखा नाही झाला. ती चिडली. "मी काय वाईट केलं होतं, तीन महिने बोलली नाहीस माझ्याशी," म्हणाली, आणि तिचंही बरोबरच होतं, आनंदाच्या वेळी आपलं माणूस गायब झालं तर लागतंच. ताईंनी सफाई दिली नाही, ऐकून घेतलं. एवढं शिकायलाच आम्हाला दोन सेशन लागले होते.

एक सांगते, कोणाची झोप-भूक दोन आठवडे सलग गेली असेल, कशातच मन लागत नसेल, जगणंच नको वाटत असेल तर त्याला मत्सर म्हणून सोडून देऊ नका, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. जगणं नको वाटतंय तर दोन आठवड्यांची वाट पण बघू नका, त्याच दिवशी जा. ताईंचं तिथवर गेलं नव्हतं.

यंदा त्यांनी तीच कथा दुरुस्त करून दुसरीकडे पाठवली आणि नकार आला, या वेळी निदान दोन ओळींचा मेल. तो त्यांनी कथेच्या पीडीएफसकट ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, "समजावू नका, संवाद जास्त अहिराणी झालेत का तेवढं सांगा." काकांचं म्हणणं कमी करा, केळीवाल्या भाऊंचं म्हणणं अजिबात करू नका, कॉलेजची पोरं म्हणे पहिलं पानच काढून टाका, रात्री साडेअकरापर्यंत नुसता वाद. मैत्रीण वादात पडली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं त्याच पीडीएफच्या प्रिंटवर पेन्सिलीच्या खुणा करून फोटो पाठवले, सोबत एक शब्द नाही. ताई मला म्हणाल्या, चौथ्या पानावरची खूण मला पटलेली नाहीये, मी तिच्याशी भांडणार आहे.